नव्या फोनच्या खोक्यात चार्जर नाही. मळ्यात राहणाऱ्या माणसासाठी कोणता घ्यावा?

मळ्यातली सून (पाथर्डी फाटा, नाशिक)

माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, निफाड तालुक्यात मळ्यात राहतात. द्राक्षाची बाग आहे आणि थोडा कांदा. गोडी छाटणी झाली की फोन त्यांच्या हातातून सुटत नाही. पानावर डावणी रोगाचा डाग दिसला की फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, दोन-तीन ठिकाणचा पावसाचा अंदाज ताडून बघायचा, लासलगावचा कांद्याचा भाव बघायचा, फवारणीसाठी ट्रॅक्टरवाल्याला बोलवायचं. जुन्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकायची, म्हणून दिवाळीत मी आणि माझ्या नवऱ्याने त्यांना नवा फोन घेऊन दिला. अठरा हजारांच्या आसपासचा, एम.जी. रोडवरून.

खोक्यात फोन निघाला, एक केबल, सिम काढायची पिन आणि कागद. चार्जर नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, “ताई, आता बऱ्याच कंपन्या देत नाहीत. चार्जर काय, घरी असतोच.”

आत काय आहे याची यादी खोक्याच्या मागे छापलेली आहे आणि तीत चार्जर नाही, तेव्हा लपवलं असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या बाजूला ‘४५ वॅट फास्ट चार्जिंग’ हे ठळक अक्षरांत आहे, आणि ते ज्या वस्तूने होतं ती वस्तू आत नाही. कंपनीचा ४५ वॅटचा चार्जर त्याच दुकानात दीड हजाराच्या पुढे होता. अठरा हजारांवर दीड हजार म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. मी अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. असा खर्च बिलात वेगळ्या ओळीवर आला की मला तो दिसल्याशिवाय राहत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते “घरी असतोच”. कोणाच्या घरी? आमच्याकडे फोन जुना झाला म्हणून कपाटात जात नाही. माझा आधीचा फोन सासूबाई वापरतात. नवऱ्याचा आधीचा पुतणीकडे आहे, ती दहावीला आहे, व्हिडिओवर गणितं बघते. नानांचा हा बंद पडत आलेला फोनसुद्धा आमच्या सालदाराच्या बायकोने मागून घेतला, बॅटरी बदलून ती वापरणार आहे. आणि फोन दिला की त्याचा चार्जर त्याच्याबरोबर जातो. चार्जर ठेवून घेऊन नुसता फोन कोणी कोणाच्या हातात देत नाही, तसं देणं बरंही दिसत नाही. त्यामुळे घरात जितके फोन तितकेच चार्जर, आणि प्रत्येक चार्जर कुठल्या ना कुठल्या फोनच्या कामात. ज्या घरात जास्तीचा चार्जर पडून असतो त्या घरात जुना फोनही पडून असतो. माझ्या ओळखीत, नाशकात काय आणि निफाडकडे काय, अशी घरं थोडी आहेत. कंपनीने कोणतं तरी घर डोळ्यांपुढे ठेवून चार्जर काढला असेल, पण ते आमचं घर नाही.

त्यात आलेली केबल दोन्ही टोकांना टाईप-सी आहे. घरातले सगळे चार्जर जुन्या रुंद तोंडाचे. सासूबाईंचा चार्जर तासाभरासाठी मागून घ्यायचा म्हटलं तरी ही केबल त्यात बसत नाही.

आणि विजेचं वेगळंच. गावठाणात लाईट बरी असते, पण आमची वस्ती शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांसाठीच्या वीजवाहिनीवर आहे. थ्री फेज पाळीने येतं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. बाकीच्या वेळी व्होल्टेज इतकं पडतं की फिरत्या पंख्याची पाती मोजता येतात. इथे पाथर्डी फाट्याला मी रात्री फोन लावून झोपते आणि सकाळी तो भरलेला असतो. तिथे लाईट आहे तेवढ्या वेळात फोन भरला तर भरला. म्हणून तर आम्ही फास्ट चार्जिंगवाला फोन निवडला होता, दोन हजार जास्त देऊन.

सध्या नानांनी पिंपळगावच्या बाजारातून दोनशे रुपयांचा चार्जर आणि त्याचीच एक केबल आणली आहे. चार्जरवर ‘६५ वॅट’ लिहिलंय. लावला की हाताला चांगलाच भाजतो, आणि लावलेला असताना फोनची स्क्रीन आपोआप हलते, बोट न लावता अक्षरं उमटतात. मला भीती वाटते. नानांना सांगितलं तर म्हणतात, “चाललंय ना, कशाला अजून पैसे घालवता?”

जाणकारांनी कृपया सांगावं. कंपनीचाच चार्जर घ्यावा की दुसऱ्या चांगल्या कंपनीचा चालेल? जास्त वॅटचा लावला तर फोन बिघडतो का? बाजारात खरा-खोटा कसा ओळखायचा? आणि खोक्यावर फास्ट चार्जिंग छापायचं पण चार्जर द्यायचा नाही, यावर ग्राहकाला काही करता येतं का?


दुरुस्तीवाला (एम.जी. रोड)

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी नानांना फोन करा आणि तो दोनशेवाला चार्जर बोर्डवरून काढायला सांगा. रविवारी गावाला जाईपर्यंत थांबू नका.

स्क्रीन आपोआप हलते याचा अर्थ चार्जरमधून स्वच्छ डीसी बाहेर येत नाही, आतले गाळणीचे भाग कमी केलेत किंवा घातलेलेच नाहीत. फोनवर परिणाम होतो तो होतोच, पण मला जास्त काळजी माणसाची आहे. मी मोबाइल दुरुस्ती करतो, असे चार्जर टेबलावर फोडून बघितलेत. चार्जरच्या आत एका बाजूला भिंतीतले २३० व्होल्ट असतात, दुसऱ्या बाजूला फोनकडे जाणारे ५ किंवा ९ व्होल्ट. या दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा सोडावी लागते आणि मधल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरला नीट इन्सुलेशन लागतं. स्वस्त मालात नेमकं तेच वाचवतात. दोन्हीकडचं सोल्डर इतकं जवळ असतं की मध्ये नख जाणार नाही. ओल आली, धूळ बसली, व्होल्टेजचा झटका आला, की घरातली लाईट सरळ केबलमध्ये उतरू शकते. बागेतून ओल्या हाताने आलेला माणूस चार्जिंगला लावलेला फोन उचलून कानाला लावतो, हे मळ्यात रोजचं आहे. ते करू नका म्हणावं, चार्जर कितीही चांगला असला तरी.

खोक्यातून चार्जर गेल्यापासून माझ्या टेबलावर चार्जिंग जॅक आणि चार्जिंग आयसी गेलेले नवे फोन वाढलेत. कारण सरळ आहे. पूर्वी पहिली दोन-तीन वर्षं माणूस कंपनीचाच चार्जर वापरायचा, तो फोनबरोबर हातात यायचा. बाजारात जायची वेळ आली तोवर फोनही जुना झालेला असायचा. आता पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक चार्जरसाठी काउंटरवर उभं राहतं, आणि नुकतेच अठरा हजार मोजलेल्या माणसाचा हात दोनशेवाल्याकडे जातो. मी त्यांना दोष देत नाही. पण सगळ्यात नव्या फोनला सगळ्यात वाईट चार्जर लागतोय, हे माझ्या डोळ्यांसमोर रोज चालू आहे आणि मला ते बघवत नाही.

आता चार्जर वाचायचा कसा ते सांगतो. पुढे मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय तिकडे बघूच नका. पिनांच्या बाजूला किंवा कडेला बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ५ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे १० वॅट. ९ व्होल्ट २.२२ अँपिअर म्हणजे २० वॅट. नानांच्या त्या ‘६५ वॅट’वर आउटपुटची एकच ओळ असेल, ५ व्होल्टची, असा माझा अंदाज आहे. खऱ्या फास्ट चार्जरवर ५, ९, १५, २० अशा व्होल्टच्या दोन-चार ओळी असतात, कारण तो फोनशी बोलून व्होल्ट बदलतो.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. चांगला चार्जर फोनमध्ये वीज कोंबत नाही. फोन मागतो तेवढी देतो. ६५ वॅटचा खरा चार्जर २० वॅटच्या फोनला लावला तरी फोन २० च्या आतच घेणार. उलट, १० वॅटचा चार्जर ४५ वॅटच्या फोनला लावला तरी नुकसान काही नाही, वेळ लागेल. म्हणून आज रात्रीपुरता उपाय हा: सासूबाईंचा जुना कंपनीचा चार्जर आणि एक बरी रुंद-ते-सी केबल. हळू भरेल, पण सुरक्षित भरेल.

मेख पुढे आहे. टाईप-सी म्हणजे सगळं एकच, असं लोक धरून चालतात. तोंडाचा आकार एक झालाय, आतलं बोलणं अजून एक झालेलं नाही. पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी हे सगळ्यांसाठीचं बोलणं. त्यातलाच पीपीएस हा प्रकार, ज्यात व्होल्ट बारीक बारीक टप्प्यांनी बदलतात. सॅमसंगच्या २५ आणि ४५ वॅटच्या फोनना पूर्ण वेग हवा तर चार्जर पीपीएसवाला लागतो. ओप्पो, रिअलमी, वनप्लस यांचं सुपरवूक हे त्यांचं स्वतःचं. त्या फोनना साधा पीडी चार्जर लावला तर फोन चार्ज होतो, पण खोक्यावर छापलेला वेग मिळत नाही. त्यामुळे “कंपनीचाच घ्यावा का” याला एक उत्तर नाही. तुमचा फोन पीडी-पीपीएसवर पूर्ण वेग घेत असेल तर दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा बिनधास्त घ्या, पाच-सहाशे वाचतील. स्वतःचंच बोलणं बोलणारा असेल तर कंपनीचा घेण्यावाचून इलाज नाही. फोनच्या माहितीपत्रकात हे असतं, नाहीतर मला फोन आणून दाखवा.

केबललाही जीव असतो, तिला विसरू नका. साधी सी-ते-सी केबल ३ अँपिअरची असते, ६० वॅटपर्यंत. ५ अँपिअरच्या केबलच्या टोकात एक चिप असते, ती नसेल तर चार्जर ३ अँपिअरच्या वर जातच नाही. काही ४५ वॅटच्या फोनना ही ५ अँपिअरचीच केबल लागते. तुमच्या खोक्यात जी आली आहे ती फोनच्या जोडीची आहे, ती जपून ठेवा. बाजारातली केबल लावून “फास्ट होत नाही” म्हणत चार्जर परत करायला येणारे खूप.

पंख्याची पाती मोजता येतात म्हणालात. चार्जरवर ‘इनपुट १००–२४० व्होल्ट’ लिहिलेलं असतं, आणि चांगला चार्जर खरंच १०० पर्यंत खाली तेवढंच काम करतो. म्हणजे कमी व्होल्टेजची भीती नको. भीती जास्तीची. लाईनचा न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात आणि त्यापुढे कोणाचाच चार्जर टिकत नाही. थ्री फेज यायच्या-जायच्या वेळेला चार्जर काढून ठेवायची सवय लावा.

आणि एक पॉवर बँक घ्या, दहा हजार एमएएचची. लाईट असेल तेव्हा दोन्ही भरायचं, नंतर बागेत पॉवर बँकवरून. मळ्यातल्या माणसाला याने जेवढा आराम पडतो तेवढा महागड्या चार्जरनेही पडत नाही.


हॉस्टेलवाला (आडगाव नाका)

ताई, मी थोडं वेगळं लिहितोय, राग मानू नका. मी इंजिनिअरिंगला आहे. आमच्या खोलीत एक लॅपटॉपचा ६५ वॅटचा टाईप-सी चार्जर आहे, त्यावर लॅपटॉप, सगळ्यांचे फोन, इअरबड्स सगळं चालतं. मला नव्या फोनबरोबर आणखी एक चार्जर मिळाला असता तर तो मी सीलसुद्धा न फोडता ठेवला असता.

ॲपलने ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ पासून चार्जर काढला तेव्हा सगळे हसले, आणि जानेवारी २०२१ मध्ये सॅमसंगनेही एस२१ मधून काढला. पण त्यामागे अगदीच काही नाही असं नाही. खोकं लहान झाल्यामुळे एका पॅलेटवर, म्हणजे माल रचून पाठवायच्या फळीवर, ७० टक्के जास्त खोकी बसतात, असं ॲपलने सांगितलं होतं. युरोपियन युनियनचा अंदाज आहे की फेकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा तिथे वर्षाला सुमारे ११,००० टन ई-कचरा होतो. चार्जरमध्ये तांबं असतं, प्लास्टिक असतं, ते कुठून तरी खणून-बनवून येतं. आपल्या गोदावरीची अवस्था आपण बघतोच. दरवर्षी नको असलेले चार्जर बनवत राहायचे, हे मला पटत नाही.

माझं म्हणणं एवढंच की काढणं चूक नाही, काढून किंमत तशीच ठेवणं चूक आहे.


मळ्यातली सून (पाथर्डी फाटा, नाशिक)

दादा, आधी तुमचे आभार. नानांना लगेच फोन केला. चार्जरची पाठ वाचून घेतली: आउटपुट ५ व्होल्ट २ अँपिअर, तुम्ही म्हणालात तसंच. म्हणजे १० वॅट. हे ऐकल्यावर मात्र नाना चिडले. “सहा पट खोटं लिहितात!” म्हणाले, आणि स्वतःच काढून ठेवला. धोक्याचं सांगून जे पटत नव्हतं ते हिशेबाने पटलं.

हॉस्टेलवाल्या भाऊ, राग कशाला येईल. तुझ्या खोलीत तो चार्जर सीलसकट पडून राहिला असता, हे मला मान्य आहे. पण तुझ्या खोलीत टाईप-सीचा लॅपटॉप आहे. आमच्या मळ्यात नाही. तुझ्यासाठी जे बरोबर आहे तेच नानांसाठीही बरोबर, असं धरून दोघांनाही एकच खोकं विकलं जातंय, माझी तक्रार तिथे आहे.

तू आयफोन १२ चं नाव घेतलंस म्हणून वाचून पाहिलं. कंपनीचं म्हणणं होतं की लोकांकडे चार्जर आधीच आहेत. पण त्या खोक्यात जी केबल दिली ती टाईप-सीवरून लाइटनिंगची, म्हणजे आयफोनच्या तेव्हाच्या स्वतःच्या तोंडाची. आधीच्या बहुतेक आयफोनबरोबर आलेला ५ वॅटचा चार्जर रुंद तोंडाचा, त्यात ती बसतच नव्हती. म्हणजे ज्या जुन्या चार्जरच्या भरवशावर नवा काढला, तो नव्या केबलला चालत नव्हता. जुनी केबल जपून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. २० वॅटचा वेगळा घ्यायचा तर तेव्हा भारतात १,९०० रुपये. आणि वेगळा घेतलेला चार्जर काही हवेतून येत नाही, त्याचं वेगळं खोकं, वेगळं पार्सल, कुरिअरची वेगळी फेरी.

कचऱ्याचं म्हणशील तर नानांचा तो दोनशेवाला चार्जर आता कचराच आहे. तो कोणी मोजणार नाही. अशा चार्जरचं आयुष्य एखाद्या हंगामाचं, मग दुसरा, मग तिसरा. एक चांगला चार्जर खोक्यात आला असता तर तो फोनबरोबर आधी नानांकडे, मग सासूबाईंकडे, मग आणखी कोणाकडे असा आठ-दहा वर्षं चालला असता. आमच्याकडे चालतातच. सासूबाईंचा आत्ताचा चार्जर माझ्या लग्नाच्या वेळचा आहे.


ग्राहक चळवळीतला एक (नाशिक रोड)

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो. निवृत्त झाल्यापासून ग्राहकांच्या तक्रारी लिहून द्यायचं काम करतो.

खरं ते आधी सांगतो. खोक्यावर आतल्या वस्तूंची यादी स्पष्ट असेल आणि तुम्ही ती बघूनच घेतलं असेल, तर “चार्जर दिला नाही” एवढ्यावर तक्रार टिकवणं आपल्याकडे अवघड आहे. फोनबरोबर चार्जर दिलाच पाहिजे असा नियम आपल्याकडे नाही. जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, टाईप-सीचं भारतीय मानक प्रसिद्ध केलं, पण ते तोंडाबद्दल आणि केबलबद्दल आहे. खोक्यात काय घालायचं याबद्दल नाही.

ब्राझीलने वेगळी भूमिका घेतली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या न्याय मंत्रालयाने ॲपलला १ कोटी २२ लाख रेआलहून जास्त दंड केला आणि चार्जरशिवाय आयफोन विकायला मनाई केली. त्यांचं म्हणणं, चार्जरशिवाय फोन ही अपुरी वस्तू आहे. युरोपियन युनियनचा रस्ता उलटा. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे फोन, टॅब्लेट, कॅमेरे यांना टाईप-सी सक्तीचं झालं, लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून. जो विक्रेता चार्जरसकट वस्तू विकतो त्याने चार्जरशिवायचाही पर्याय ठेवला पाहिजे, आणि आत चार्जर आहे की नाही याचं चित्र खोक्यावर ठसठशीत असलं पाहिजे. तुम्ही आणि आमचा हा विद्यार्थी दोघंही ज्याने समाधानी व्हाल ते यातूनच निघेल असं मला वाटतं: दोन्ही खोकी दुकानात ठेवा, दोन्हींवर आपापली किंमत छापा, आणि गिऱ्हाइकाला विचारा. हे अशक्य नाही. शाओमीने डिसेंबर २०२० मध्ये चीनमध्ये ‘मी ११’ हा फोन असा दोन्ही प्रकारे जाहीर केला होता. मात्र किंमत दोन्हींची एकच ठेवली होती, ती वेगळी हवी.

आता तुमच्या हातात काय आहे. तुम्ही फोनवाल्या कंपनीबद्दल विचारताय, पण तुमची जास्त भक्कम तक्रार त्या दोनशेच्या चार्जरची आहे. मोबाइलच्या चार्जरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी असलेल्या चार्जरवर बीआयएसचं चिन्ह, त्यावर आयएस (भारतीय मानकाचा) क्रमांक आणि खाली ‘आर’पासून सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर हे ॲप फोनमध्ये घ्या, तिथे तो क्रमांक टाका. कोणत्या कंपनीच्या कोणत्या वस्तूला तो दिलाय ते दिसतं. क्रमांकच नसेल, किंवा तिथे भलतंच काही निघालं, तर तो माल विकायलाच नको होता. त्याच ॲपमधून तक्रारही करता येते. पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळं असायलाच हवं. १० वॅटच्या वस्तूवर ६५ वॅट छापणं ही तर उघड फसवणूक.

फोनच्या जाहिरातीबद्दल बोलायचं तर, वेग ठळक छापला आणि तो मिळायला वेगळा चार्जर विकत घ्यावा लागतो हे कुठेच नीट सांगितलं नाही, तर दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून तक्रार लिहिता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्याची तरतूद आहे. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरून करा, मराठीतही बोलता येतं. तिथून काही झालं नाही तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि कंपनीचं ऑफिस कुठेही असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची.

यातलं काहीही करायचं तर बिल लागतं. पिंपळगावच्या चार्जरचं बिल आहे का?


सिडकोतली आई (उत्तमनगर)

फक्त एक भर. ऑनलाइन घेताना फोनच्या पानावर खाली ‘बॉक्समध्ये काय’ असा रकाना असतो, तो उघडून बघा. एकाच कंपनीच्या एका फोनबरोबर चार्जर असतो आणि त्याच किमतीच्या दुसऱ्याबरोबर नसतो. मी मुलीसाठी घेताना तसाच निवडला. फोटोंवर जाऊ नका, फोटोत चार्जर दिसतो तो कधी कधी वेगळा विकायचा असतो.


मळ्यातली सून (पाथर्डी फाटा, नाशिक)

काका, बिल नाही. नाना म्हणाले, दोनशेच्या वस्तूचं बिल मागितलं तर तो दुकानदार तोंडाकडे बघत बसेल. चार्जरवर बीआयएसचं चिन्ह नाही, ‘आर’ क्रमांकही नाही, बनवणाऱ्याचं नावसुद्धा नाही. पाकीट फेकून दिलेलं. पण नानांनी दुकान दाखवायची तयारी दाखवली आहे. त्यांच्या ग्रुपवर त्यांनी आउटपुटच्या ओळीचा फोटो टाकला, तर आणखी काही जणांनी आपापले चार्जर उलटे करून बघितले आणि तसेच निघाले. एकाने तर त्याच दुकानाचं नाव लिहिलं. बीआयएस केअरवर सगळ्यांनी मिळून तक्रार करता येईल का, की प्रत्येकाने वेगळी?

१९१५ ला मी फोनच्या जाहिरातीबद्दल उद्या दुपारच्या सुट्टीत फोन करते. माझं म्हणणं मोजकं ठेवणार आहे: पुढच्या बाजूला वेग छापता त्याच बाजूला, त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘चार्जर आत नाही’ हेही छापा.

दादा, फोनचं माहितीपत्रक बघितलं. त्यात पीडी आणि पीपीएस दोन्ही लिहिलंय, ४५ वॅटसाठी ५ अँपिअरची केबल लिहिली आहे. म्हणजे दुसऱ्या कंपनीचा चालेल ना? आणि तुमच्या दुकानात तपासून मिळेल का?


ग्राहक चळवळीतला एक (नाशिक रोड)

वेगवेगळी करा. प्रत्येकाने आपल्या चार्जरचा दोन्ही बाजूंचा फोटो, दुकानाचं नाव, साधारण तारीख लिहायची. बिल नसलं तरी बीआयएसला कळवायला अडचण नाही, बिल लागतं ते पैसे परत मागायला. एकाच दुकानाबद्दल अनेक तक्रारी गेल्या की दखल घ्यावीच लागते. लिहिताना अडलं तर इथे मजकूर टाका, मी नीट करून देतो.


दुरुस्तीवाला (एम.जी. रोड)

चालेल. पीपीएसवाला ४५ वॅटचा घ्या, आउटपुटच्या ओळींमध्ये ‘पीपीएस’ शब्द छापलेला बघा आणि ‘आर’ क्रमांक दुकानातच ॲपवर टाकून बघा. बिलावर चार्जरचं मॉडेल लिहून घ्या, नुसतं ‘ॲक्सेसरी’ लिहिलेलं बिल घेऊ नका, वॉरंटीला उपयोग होत नाही.

माझ्याकडे मीटर आहे, केबलच्या मध्ये लावला की किती व्होल्ट, किती अँपिअर जातंय ते समोर दिसतं. नानांचा फोन वीस-तीस टक्क्यांवर असताना आणा, भरलेला फोन मुद्दाम हळू घेतो, त्यात काही कळत नाही. खोक्यातली केबलही बरोबर आणा. आणि तो दोनशेवाला चार्जर फेकू नका, माझ्याकडे द्या. फोडून आतला फोटो काढतो, तुमच्या तक्रारीला जोडा. मंगळवार सोडून कधीही या, संध्याकाळी सहानंतर गर्दी असते.